बेचाळीस पत्रे आणि एक हिरवं दार

मी पट्टी बोलतेय. रेघा मारायची नव्हे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या हिरव्या दाराशी, खालच्या कोपऱ्यात, वीतभर लांबीची एक जड हिरवी वस्तू तुमच्या पायाच्या अंगठ्याला भेटते ना, ती मी. आपली ओळख जुनी आहे. त्या ओळखीत तुम्ही मला जे जे म्हणालात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिसते मी एकटी, पण आहे बेचाळीस जणींची मिळून. बेचाळीस पातळ लोखंडी पत्रे, प्रत्येक दोघींच्या मध्ये वार्निशचा हात, आणि मग सगळ्या एकत्र दाबलेल्या. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पत्रे मोजणाऱ्या एक ताई होत्या. त्यांच्या हाताखाली आलेल्या नव्या कामगारणीने पहिल्याच दिवशी कुरकुर केली.

"ताई, एवढे पत्रे रचत बसण्यापेक्षा एक जाड तुकडाच कापून का नाही देत? आठ तासांचं काम अर्ध्या तासात होईल."

"अख्ख्या तुकड्याच्या पोटात विजेचे भोवरे फिरायला लागतात," ताई म्हणाल्या. "मग तो नुसता तापत बसतो आणि पुढे फार काही पोचत नाही. पत्रे वेगवेगळे केले, मध्ये वार्निश लावलं, की भोवऱ्यांना फिरायला जागाच मिळत नाही."

"म्हणजे चिकटून राहायचं, पण एकमेकींच्या कारभारात पडायचं नाही."

"हो. माझ्या सासरी कुणी असं वार्निश लावलं असतं तर किती बरं झालं असतं."

आमचं लोखंड मऊ जातीचं, म्हणजे विसराळू. शाळेत विसराळूपणाला शिक्षा असते, आमच्या धंद्यात तोच गुण. आमच्याकडे येणारी वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. तेवढ्याच वेळा आम्ही चुंबक व्हायचं आणि लगेच झालं-गेलं विसरून उलट्या बाजूने चुंबक व्हायचं. पोलादाला हे जमत नाही. ते एकदा चुंबक झालं की मनात धरून बसतं.

माझ्याबरोबरच माझा थोरला भाऊ जन्मला. तोही पत्र्यांचाच, पण यू अक्षराच्या आकाराचा. दोन्ही हात वर करून बसलेला. त्याच्या एका हातावर हजार वेढ्यांची कॉइल, दुसऱ्या हातावर पन्नास वेढ्यांची. मी त्याच्या दोन्ही तळहातांवर आडवं झोपायचं, वरून स्क्रूने घट्ट आवळून घ्यायचं, की आमचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण.

या दोन कॉइलींना जोडणारी एकही तार नसते. भिंतीतली वीज हजार वेढ्यांत येते आणि तिथेच घुटमळते. ती दादाच्या हातात चुंबकत्व जागं करते. ते चुंबकत्व माझ्यातून पलीकडच्या हातात उतरतं, खालून फिरून परत येतं, आणि सतत बदलत राहिल्यामुळे पन्नास वेढ्यांत नवी, कमी दाबाची वीज उभी करतं. लोखंड नसेल तर चुंबकत्व हवेत वाट फुटेल तिकडे पांगतं. लोखंड असलं की ते शहाण्यासारखं रस्त्याने चालतं. तो रस्ता म्हणजे दादा आणि मी. मी नसले की रस्ता अर्ध्यावर तुटतो.

शाळेत आमची पहिली वर्षं सुखाची गेली. दिवा लख्ख लागायचा, आम्ही गुंइं असा आवाज करायचो, आणि मुलं कान जवळ आणून ऐकायची.

मग रंगारी आला.

प्रयोगशाळेचं दार जरा तिरकं बसवलेलं आहे, त्यामुळे ते आपोआप बंद होतं. आतल्या बाजूची मूठ निखळलेली असल्याने एकदा बंद झालं की आतून उघडत नाही. दार रंगवताना ते उघडं राहावं म्हणून रंगाऱ्याने टेबलावर हाताला लागलं ते उचलून दाराशी टेकवलं. हाताला मी लागले. त्याने दार हिरवं केलं, चौकट हिरवी केली आणि त्याच ओघात मलाही हिरवं केलं. संध्याकाळी तो डबा आणि ब्रश घेऊन निघून गेला, मी राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी दाराची झाले. हिरव्या वस्तूला, तू हिरव्या दाराची कोण, असं कुणी विचारत नाही.

टेबलावर दादा दोन्ही हात वर करून बसून राहिला, शिक्षा झालेल्या मुलासारखा. अकरा वर्षं. आमच्यात अंतर सहा पावलांचं.

भौतिकशास्त्राच्या सरांनी मला खूप शोधलं. कपाटं उपसली, दुसऱ्या शाळेत विचारून आले. शोधताना त्यांना दोनदा माझी ठेच लागली. शेवटी त्यांनी एक मार्ग काढला. दादाच्या उघड्या हातांवरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून ते वर्गाला म्हणाले, "समजा, इथे लोखंड आहे."

वर्गाने समजून घेतलं. बटण दाबल्यावर दिव्याची तार जेमतेम लाल झाली. कॉइल तापायला लागली म्हणून सरांनी दहा आकडे मोजून बटण बंद केलं आणि फळ्यावर लिहिलं: 'निरीक्षण: दिवा प्रखर लागला.' सगळ्यांनी ते जर्नलमध्ये उतरवलं. दर वर्षी हेच. सरांचं नाव समजा सर पडलं. माणूस मनाने फार चांगला. पण रोज समजत राहिलं की माणसाला खरं काय ते दिसेनासं होतं, हे मी जमिनीवरून पाहत होते.

यंदाच्या तुकडीत बारा मुली. त्यातली एक कधीच बोलायची नाही. हजेरीलाही ओठ हलवायची, आवाज शेजारणीने द्यायचा. तिला माझी ठेच इतक्या नेमाने लागायची की वर्गाने तिचं नाव 'ठेच' ठेवलं होतं. "ठेच आली," असं कुणी म्हणालं की पाठोपाठ मी तिच्या अंगठ्याला लागायचे आणि वर्ग हसायचा.

पण एक गोष्ट होती. बाकीच्या मला लाथ मारून पुढे जायच्या. ठेच अंगठा धरून खाली बसायची, आणि बसल्यावर तिचं तोंड माझ्या तोंडासमोर यायचं. इतक्या वर्षांच्या ठेचांनी माझ्या कडेचा रंग टवका-टवका उडाला होता. एके दिवशी तिने त्या उघड्या जागेवरून नख फिरवलं. टर्रर्र आवाज झाला, वहीच्या कडेवरून फिरवल्यासारखा. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून टेबलावरच्या दादाच्या कडेकडे पाहिलं.

त्या दिवशी तिने जर्नलमध्ये लिहिलं: 'निरीक्षण: दिवा नीट लागला नाही. नुसता लाल झाला.'

सरांनी जर्नल तपासताना तिला बोलावलं. "हे काय लिहिलंस?"

ती गप्प.

"फळ्यावर काय होतं?"

मग तिने पुढचं पान उलटून दाखवलं. तिथे समासात बारीक अक्षरात एक ओळ होती. 'सर, समजा ते लोखंड दाराशी आहे.'

सर उठले. सहा पावलं चालले. सातवं पाऊल टाकायला गेले आणि त्यांना ठेच लागली. ते खाली बसले आणि मला दोन्ही हातांनी उचललं. दार मात्र बंद व्हायला निघालं होतं. ते ठेचने पायाने अडवलं.

हे सगळं वेळेवर झालं, कारण शुक्रवारी बाहेरून तपासनीस बाई येणार होत्या. मुख्याध्यापिकांनी सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, की बाईंसमोर ट्रान्सफॉर्मरचा दिवा नीट लागला नाही तर भौतिकशास्त्राचे तास खेळाच्या सरांकडे जातील, आणि समजा सरांना कागदकाम मिळेल. सरांना कागद सरळ कापता येत नाही. त्यांना येतं ते एवढं भौतिकशास्त्रच.

सर मला घेऊन परवानगीला गेले. आता या शाळेचा एक नियम सांगते. गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली शिक्षक येतो, हे सगळीकडेच असतं. आमच्या मुख्याध्यापिकांनी तो नियम वस्तूंनाही लावला आहे. स्टूल दुरुस्तीला गेलं की बदली स्टूल येतं. एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा त्याच्या जागी महिनाभर कॅलेंडर लावलं होतं.

"पट्टी न्या," त्या म्हणाल्या. "पण दाराला बदली कोण?"

"बाई, ती एक पट्टी आहे."

"आणि तुम्ही एक सर आहात. तुम्ही रजेवर गेलात तर मी वर्ग रिकामा ठेवते का?"

"मग दोन विटा ठेवू."

"विटांची नेमणूक झालेली नाही." त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं, त्यावर बोट फिरवलं आणि मान डोलावली. "शुक्रवारी दुपारी जीवशास्त्राचा सांगाडा मोकळा आहे. त्याला पाठवते."

शुक्रवार उजाडला. ठेचने आदल्या दिवशी कंपासपेटीतली पट्टी घेऊन माझ्या दोन्ही टोकांखालचा हिरवा रंग खरवडून काढला होता. दादाच्या तळहातांवर मी नीट टेकायला हवी, मध्ये रंगाएवढीही फट नको, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी सांगाडा आला. त्याच्या स्टँडला चार चाकं होती. सरांनी त्याला उघड्या दाराला टेकवून उभं केलं. तपासनीस बाई आल्या, सांगाड्याकडे पाहून जरा बाजूने आत शिरल्या. तपासणीच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे फोन ऑफिसात ठेवलेले होते.

सरांनी बटण दाबलं. दिव्याची तार नेहमीसारखी लालसर झाली. मग त्यांनी मला दोन्ही हातांत धरून हळूहळू दादाच्या हातांवर आणायला सुरुवात केली. चार बोटं अंतर उरलं आणि दिवा नारिंगी झाला. दोन बोटं उरली आणि पिवळा झाला. मग दादाने मला खेचून घेतलं. सर म्हणतात हात निसटला. मला माहीत आहे, दादाने खेचलं. खट्ट. दिवा इतका लख्ख लागला की सांगाड्याच्या फासळ्यांची सावली भिंतीवर पडली. आम्ही दोघं गुंइं करायला लागलो. सरांनी स्क्रू आवळला आणि चष्मा काढून पुसला.

तपासनीस बाई वाकून बघत म्हणाल्या, "दोन कॉइलींमध्ये तार नाही. लोखंडातून तुमची वीज जात नाही. मग या लोखंडाची एवढी गरज काय, कुणी सांगेल का?"

बारा मुली गप्प. ठेचचे ओठ हलले. शेजारीण आवाज देणार, एवढ्यात मागे कुर्रर्र असा आवाज झाला.

दार सांगाड्याला ढकलत होतं. चाकांवरचा सांगाडा अदबीने मागे सरकत सरकत आत आला. त्याच्या मागे दार कट् करून बंद झालं.

"उघडा," बाई म्हणाल्या.

"आतून उघडत नाही," सर म्हणाले.

"मला तीन वाजता पुढच्या शाळेत पोचायचंय."

"खिडक्यांना गज आहेत."

बाईंनी सांगाड्याकडे असं पाहिलं, जणू तो मागच्या वर्षीचा तपासनीस असावा.

आधी सगळ्यांनी दार वाजवलं. शेजारी गाण्याचा वर्ग चालू होता, त्यांनी ताल धरला. मग सर म्हणाले, "समजा, आपल्याकडे घंटा..." आणि थांबले. "समजा नको. घंटा आहेच." शाळेची जुनी विजेची घंटा कपाटात होती. सरांनी दिवा काढून तिच्या तारा जोडल्या आणि ती खिडकीत ठेवली. मी होते म्हणून ती घणघणली, नाहीतर नुसती खाकरली असती. सरांनी ती बराच वेळ वाजू दिली.

इथे एक चूक झाली. आमच्या शाळेत छोटी घंटा म्हणजे तास संपला आणि लांबलचक घंटा म्हणजे शाळा सुटली. अडीच वाजता सगळी शाळा दप्तरं उचलून घरी निघाली. मुलांच्या मागून शिक्षक निघाले. बारा मुली खिडकीतून ओरडत होत्या आणि खालची मुलं त्यांना टाटा करत होती.

मग जिन्यावर पावलं वाजली. दार धाडकन उघडलं. शिपाईकाका लालबुंद होऊन आत आले.

"माझ्याशिवाय घंटा कुणी वाजवली? सोळा वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे..."

"काका, दार," सर म्हणाले.

कट्.

काकांना सगळं समजावून सांगितलं. आता काका दाराशी दबा धरून बसले. घंटा पुन्हा वाजली. या वेळी मुख्याध्यापिका आल्या. काकांनी दार पकडलंही होतं. पण मुख्याध्यापिका वर्गात आल्या की हात बाजूला घेऊन सरळ उभं राहायचं, ही त्यांची सोळा वर्षांची सवय. सगळ्या मुली उभ्या राहिल्या, सर उभे राहिले, काकांनीही दार सोडून हात बाजूला घेतले.

कट्.

"दाराची आतली मूठ कुठे गेली?" तपासनीस बाईंनी अगदी शांतपणे विचारलं.

"माझ्या खणात आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हरवू नये म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवलीय."

तपासनीस बाई खुर्ची ओढून बसल्या आणि दुसरं काम नाही म्हणून कपाटातली जर्नलं चाळायला लागल्या. अकरा वर्षांची जर्नलं. 'प्रखर', 'प्रखर', 'प्रखर'.

"सर, ही पट्टी अकरा वर्षं कुठे होती?"

सरांनी एकदा दाराकडे पाहिलं. "दाराशी, बाई."

"आणि दिवा?"

"मिणमिणता." त्यांचा आवाजही तसाच आला. "एकाच मुलीने खरं लिहिलंय. वरून तिसरी वही."

बाईंनी ती वही उघडली आणि वाचली, समासातल्या ओळीसकट.

शिपाईकाका खिडकीशी होते. ते म्हणाले, "शाळेत आता फक्त झाडणाऱ्या मावशी आहेत. तीनला त्या फाटकाला कुलूप लावून जातात. मग थेट सोमवार."

तीनला सहा मिनिटं होती.

"घंटा वाजवू, आणि या वेळी दार मी धरते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"बाई, माणसं दार सोडतात."

हे कोण बोललं ते कळायला सगळ्यांना वेळ लागला, कारण तो आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता. ठेच उभी होती. कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. "पट्टी सोडत नाही. पण पट्टी दाराशी गेली की घंटा बंद पडते. म्हणून मावशी जिन्यावर येईपर्यंत घंटा, आणि मग लगेच पट्टी दाराशी. सर, मी सांगेन तेव्हा बटण बंद करा. आधी नको, नंतर नको. चालू असताना ती सुटणार नाही."

सरांनी बटणावर बोट ठेवलं. घंटा घणघणली. ठेच मला धरून, कान दाराकडे लावून उभी राहिली. स्क्रू तिने आधीच सैल केला होता. दादाने मला नुसत्या ओढीने धरून ठेवलं होतं, आणि खरं सांगते, अकरा वर्षांनी भेटल्यावर मलाही सुटायचं नव्हतं. जिन्यावर झाडूचा खरखराट आला. मग चपलांचा. मग मावशींचा आवाज, "काय मेलं लावलंय आज, एकाच दिवशी किती वेळा सोडाल शाळा."

"बंद," ठेच म्हणाली.

वीज गेली, आणि त्याच क्षणी आमचं चुंबकत्व गेलं. मघाशी म्हटलं ना, विसराळू लोखंड. पोलाद असतो तर एकमेकांना चिकटूनच राहिलो असतो आणि सोळा मुली-माणसं सोमवारपर्यंत आत. मी दादाच्या हातातून अलगद सुटले. ठेच मला छातीशी धरून सहा पावलं धावली. दार उघडलं, मावशी आत आल्या, सगळे सवयीने बाजूला झाले, आणि दार परत निघालं. ठेचने मला खाली टेकवलं.

ठण्ण.

दार थांबलं. मला कुणाच्या येण्याने सरळ उभं राहायची सवय नाही.

"एवढ्या माणसांना एक दार उघडता येईना?" मावशींनी विचारलं. सगळे एकेक करून माझ्यावरून पाय उचलून, जपून बाहेर गेले. सांगाडा सगळ्यांत शेवटी गेला.

तपासनीस बाई मात्र दाराशी थांबल्या. ठेचला म्हणाल्या, "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "ती नसली की रस्ता तुटतो."

बाईंनी शेरा लिहिला: भौतिकशास्त्राचे तास सरांकडेच राहावेत. मात्र अकरा वर्षांच्या सर्व जर्नलांत, 'दिवा प्रखर लागला' या ओळीच्या आधी सरांनी स्वतःच्या हाताने 'समजा' असा शब्द घालावा. सर रोज मधल्या सुट्टीत बसून घालतात. आता सातव्या वर्षापर्यंत आलेत. खूश दिसतात.

मी अजून दाराशीच असते. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या तासाला दादाकडे जाते, आणि तेवढा वेळ मावशी बाहेर स्टूल टाकून बसतात. त्यांची तशी रीतसर बदली नेमणूक झाली आहे. माझी टोकं गंजू नयेत म्हणून ठेचने ती तिच्या जुन्या रुमालात बांधली आहेत. हल्ली ती हजेरीला स्वतः आवाज देते. बारीक देते, पण देते. मूठ अजून खणात आहे. ती बसवायला दोन स्क्रू लागतात. ते कुणाजवळ असले तर कृपा करून घेऊन या.

आणि एवढंच मागणं आहे. वाटेत कशाची ठेच लागली तर खुशाल नावं ठेवा, पण नंतर खाली बसून एकदा तिच्या कडेवरून नख फिरवून बघा. सहा पावलांवर तिचा दादा हात वर करून बसलेला असेल.